वाघ नको, सोफा दाखवा!

पावसाळ्यात ताडोबाचा कोअर झोन बंद असतो, पण मोहर्ली गाव बंद नसतं. तेव्हा जिप्सींच्या सीटा निघतात, होमस्टेचे सोफे उलटे होतात आणि सीझनची खरी तयारी सुरू होते. एका बिघडलेल्या सोफ्याची ही गोष्ट... तुमच्या हॉलमधल्या सोफ्यालाही उपयोगी पडेल अशी!

ताडोबाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात? 'वाघ दिसला का?' दुसरा प्रश्नच नसतो. दिसला असेल तर फोटो दाखवायचे, नसेल दिसला तर 'पगमार्क एकदम फ्रेश होते यार' असं म्हणून वेळ मारून न्यायची. म्हणूनच गेल्या ऑगस्टमध्ये मी मोहर्लीला निघाले तेव्हा सगळ्या ग्रुपनं मला वेड्यात काढलं. कारण १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद! बफर झोनच्या फेऱ्या पावसाच्या मूडप्रमाणे चालतात, पण गर्दी म्हणाल तर शून्य.

मला मात्र तेच हवं होतं. हॉटेल, सफारी, वाघ, परत, या पॅकेजच्या बाहेरचं मोहर्ली कसं दिसतं ते बघायचं होतं.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मधलं, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आणि त्याच्याभोवती बफर. कोअरमध्ये शिरायला अनेक गेट आहेत, पण सगळ्यात फेमस मोहर्लीचं. चंद्रपूरपासून साधारण तीस किलोमीटर. वाटेत इरई धरणाचं पाणी दिसत राहतं. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला लागणारं पाणी इथूनच जातं. म्हणजे एका बाजूला महाऔष्णिकच्या चिमण्या आणि दुसऱ्या बाजूला वाघ! हे कॉम्बिनेशन चंद्रपूरलाच जमतं.

गाव गॅरेजमध्ये जातं तेव्हा

सीझनमध्ये मोहर्लीची सकाळ पहाटे चारलाच होते. जॅकेट, कॅमेरे, जिप्सींची रांग, गाइडच्या हाका. गाइडमध्ये महिलाही आहेत. ऑगस्टमध्ये तोच रस्ता एकदम सुस्त. गेटवरची कमान भिजलेली, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि घरोघरी अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जिप्सी. त्यातल्या अर्ध्यांच्या मागच्या सीटा काढून पडवीत उभ्या करून ठेवलेल्या.

जिप्सी हे मोहर्लीचं एटीएम आहे म्हणा ना. ही गाडी २०१९पासून शोरूममध्ये मिळत नाही. त्यामुळे जी आहे ती जपायची. मागे दोन उंच बाकं, त्यांवर सहा पर्यटक, पुढे ड्रायव्हर, सोबत गाइड. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, हिवाळ्यात पहाटेचं दव, वर्षभर लाल धूळ. एवढं सगळं झेलतं ते सीटचं रेक्झिन. तीन महिन्यांच्या सुट्टीत मग टाके, फोम, पट्टे, सगळ्याची सर्व्हिसिंग.

आणि हे 'टाइमपास' म्हणून नाही बरं का. इथल्या माणसासाठी जंगलातलं उत्पन्न म्हणजे मोहफुलं, तेंदूपत्ता, बांबू. त्यासाठी आत जावं लागतं, आणि आत वाघ आहे. मे २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ही बातमी मोहर्लीत अजून बोलली जाते. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन पैसे मिळत असतील, तर एका बाईला पहाटे जंगलात जावं लागत नाही. होमस्टेचा साधा सरळ हिशेब हा आहे.

दोन स्टारचा सोफा

मी उतरले त्या घरीही असाच हिशेब होता. दोन खोल्या, मध्ये हॉल, मागे न्हाणी. भाऊ जिप्सी चालवतात, ताई होमस्टे बघतात. ताईंचा वरण-भात आणि झणझणीत वांग्याची भाजी यांच्यासाठी मी स्वतंत्र लेख लिहू शकते. पण हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर नजर जायची ती सोफ्यावर. तीन सीटचा, अंगानं दणकट, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आणि पट्टे... तिरके! सीटवरचे एका दिशेला पळत होते, पाठीवरचे दुसऱ्या. कोपऱ्यात चुण्या. पाठ आणि सीट यांच्यामध्ये फटीतून पिवळा फोम डोकावत होता.

सांगाडा अस्सल सागवानी. ताईंच्या सासऱ्यांनी चंद्रपूरच्या सुताराकडून घरच्या लग्नासाठी करून घेतलेला. साग म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीची शानच. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागाची खेप वाजतगाजत निघाली होती, ते आठवतंय ना? तोच हा साग. लाकडाला काहीही झालं नव्हतं. बिघडलं होतं ते फक्त वरचं.

झालं असं की, मे महिन्याच्या गर्दीआधी नवं रूप द्यावं म्हणून ताईंनी शहरातल्या एका दुकानात सोफा दिला. कापड आणि मजुरी मिळून अकरा हजार गेले. सोफा परत आला तेव्हा पाहुणे दारात होते, भांडायला वेळच नव्हता. नंतर दुकानदार म्हणाला, 'वापरून वापरून बसेल नीट.' तो बसला नाही. जूनमध्ये एका पाहुण्यानं बुकिंग साइटवर सोफ्याचा फोटो टाकला आणि दिले दोन स्टार. 'फूड ग्रेट, फर्निचर शॅबी.' बस्स. पाच स्टारच्या रांगेत ते दोन स्टार खड्यासारखे टोचायला लागले.

नवा सोफा घ्यायचा तर तीस हजार. पुन्हा कापड घ्यायचं तर आणखी सात-आठ. ताईंच्या डब्यात तेव्हा होते साडेतीन हजार. आणि बुकिंग उघडणार १ ऑक्टोबरला.

'पहिले पाहाचं, मंग उसवाचं'

काका चंद्रपूरहून सकाळच्या एसटीनं आले. वय साठीच्या पुढे. हातात एक जुनी रेक्झिनची पिशवी, तिच्यात पेचकस, पक्कड, छोटी हातोडी, खडू, वाकडी सुई आणि पिनांची गन. आयुष्य गेलं ट्रकच्या, एसटीच्या आणि सोफ्याच्या सीटा बसवण्यात. मला वाटलं, आले की लगेच पिना उपटायला लागतील. छे! काकांनी आधी चहा घेतला. मग सोफ्यावर तीन ठिकाणी बसून पाहिलं. मग सोफा उलटा केला आणि खालचं काळं कापड काढलं.

'काहून घाई करता जी?' ताईंची चुळबुळ बघून ते म्हणाले. 'पहिले पाहाचं, मंग उसवाचं.'

आणि मग सुरू झालं डायग्नोसिस. आपल्याला वाटतं चुण्या म्हणजे कापड सैल. काकांनी दाखवलं की झोल खालून वर येतो. सीटखालचे रबरी पट्टे ढिले पडले होते, त्यामुळे फोम मध्ये खचत होता, आणि फोम खचला की वरचं कापड सैल पडणारच. कापड कितीही ओढा, आठ दिवसांत चुणी हजर! म्हणजे तपासायचा क्रम ठरलेला : आधी पट्टे, मग फोम, शेवटी कापड. दुकानानं पट्ट्यांना हातच लावला नव्हता. जुन्या खचलेल्या बैठकीवर नवं कापड चढवून दिलं होतं.

काकांनी चुकांची यादी सांगितली, मी डायरीत उतरवली :

* पट्टे ढिले, सीटचा फोम खचलेला.
* सीटचं कापड एका कोपऱ्यापासून ठोकत नेलेलं, त्यामुळे रेघा तिरक्या.
* पाठीचं कापड खाली दोन इंच कमी.
* उजव्या हाताच्या खांबाजवळ कातर गरजेपेक्षा आत गेलेली.
* कडेची पाइपिंग सरळ पट्टीची, म्हणून गोलाईवर चुरगळलेली.
* डाव्या हातावर रेघा आडव्या, उजव्यावर उभ्या. कापड वाचवण्यासाठी एक तुकडा फिरवून कापलेला.

'कापड वाईट नाही जी,' काका म्हणाले, 'बसवणं वाईट आहे.' ताईंचा चेहरा तेव्हा कुठे थोडा सैलावला.

दोन इंच कुठून आणायचे?

दिवसभर पाऊस होता. काकांनी कापड काढलं ते पिना एकेक करून, पेचकसाच्या टोकानं उचलून, पकडीनं ओढून. खसकन ओढलं की कापडाची कड फाटते, आणि इथं प्रत्येक बोटभर कड मोलाची. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूनं खूण : सीट, पाठ, डावा, उजवा, आणि वरच्या दिशेला बाण. मग कापड दमट होतं म्हणून इस्त्री. ओलसर सुती कापड ताणून बसवलं तर वाळल्यावर ते कुठेतरी आखडणार, म्हणून आधी कोरडं.

पट्टे ताणून पुन्हा ठोकले, फोमवर फायबरची पातळ शीट घातली. तिच्यामुळे कडा गोलसर येतात आणि कापड फोमला चिकटून न बसता सरकतं. मग सीट. काकांनी कापडाचा मध्य आणि लाकडाचा मध्य खडूनं जुळवला. समोर मधोमध एक चूक अर्धीच ठोकली. मग मागे मध्ये, डावीकडे मध्ये, उजवीकडे मध्ये. उभं राहून रेघा पाहिल्या, एक चूक काढली, अर्धा इंच सरकवली, पुन्हा ठोकली. मध्यापासून कोपऱ्याकडे, थोडं इकडे थोडं तिकडे. कोपरे सगळ्यात शेवटी. रेघा सरळ झाल्यावरच गनच्या पिना. साधी वाटणारी ही गोष्ट बघताना मला एकदम क्लिक झालं. कोपऱ्यापासून सुरुवात केली की पहिली चूक शेवटपर्यंत वाढत जाते, मध्यापासून केली की ती दोन्हीकडे वाटली जाते.

पाठीचं दोन इंच कमी असलेलं कापड मात्र कितीही ओढलं तरी वाढणार नव्हतं. तिथं काकांनी ताईंकडून जुना मांजरपाट मागितला. त्याची वीतभर पट्टी पाठीच्या कापडाच्या खालच्या कडेला शिवली. पाठ आणि सीट यांच्यामधल्या सांदीत कापड जातं तिथपर्यंतच निळं-पांढरं हवं, पुढचं कुणाला दिसतंय? पट्टी सांदीतून मागे ओढून मागच्या लाकडाला ठोकली. फोम गायब! शहाणा कारागीर म्हणे नव्या सोफ्यातही सांदीत मांजरपाटच लावतो, महागाचं कापड वाचतं.

आत गेलेल्या कातरीला मागून बकरम इस्त्रीनं चिकटवलं आणि वरून पाइपिंग नेली. पाइपिंग मात्र नवी. ताईंच्या शिलाई मशीनवर, उरेब पट्टीची. कापड तिरकं कापलं की ते थोडं ताणलं जातं आणि गोलाईवर शहाण्यासारखं वळतं. ब्लाउजच्या गळ्याला उरेब लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. ताई हसून म्हणाल्या, 'हे त मलाच विचारलं असतं तरी सांगितलं असतं!'

एकच चान्स

उरला डावा हात. तिथं आडव्या रेघा होत्या, आणि त्याला काढून नवा लावायला कापडाचा एक तुकडाही शिल्लक नव्हता. दुकानात विचारलं तर तो रंग संपलेला. एवढं सगळं करून एक हात उलटाच राहणार?

रात्री जेवताना काकांनीच पर्याय काढला. सोफ्याच्या पाठीमागे, बाहेरच्या बाजूनं, मोठा सपाट तुकडा आहे. तो काढायचा, त्यातून हात कापायचा आणि मागे साधं कापड ठोकायचं. अट एकच, सोफा यापुढे कायम भिंतीला टेकून ठेवायचा.

ऐकायला सोपं. पण ताईंचा हॉल असा की सोफा मधोमध, खिडकीकडे तोंड करून. पाहुणे सकाळी चहा घेऊन तिथं बसतात आणि बाहेरचा पाऊस बघतात. सोफा भिंतीला नेला की खिडकीचा व्ह्यू जाणार. शिवाय कापताना चूक झाली तर पाठही गेली आणि हातही गेला. भाऊ म्हणाले, 'राहू दे, एक हात कोण पाहते?' ताई काही बोलल्या नाहीत. उठल्या, मोबाइलमध्ये तो दोन स्टारचा रिव्ह्यू उघडला आणि भाऊंच्या हातात दिला. फोटोत नेमका डावा हातच पुढे होता.

सकाळी पाऊस थांबला होता. काकांनी आधी मागचा तुकडा काढून मोजला, रेघांची दिशा पाहिली. मग उजव्या हाताचं कापड काढून त्याच्यावर ठेवलं, तोच नमुना. पण जसाच्या तसा नाही, आरशात दिसतो तसा उलटा. नाहीतर दोन उजवे हात तयार! चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जादा ठेवली. 'जादा कापड कापता येते, कमी कापड वाढवता येत नाही,' असं पुटपुटत कातर चालवली. ताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना बघवेना.

दुपारी बारापर्यंत डावा हात चढला होता. सीटवरची रेघ हातावरच्या रेघेला जवळजवळ जुळत होती. मागे भाऊंच्या जिप्सीच्या हुडातलं उरलेलं खाकी कॅनव्हास. दोन दिवसांची मजुरी तीन हजार, पट्ट्या-फायबरचे चारशे. डब्यात उरले शंभर. आणि खिडकीचं काय? ताईंनी सोफा भिंतीला लावला आणि खिडकीपाशी दोन बांबूच्या खुर्च्या ठेवल्या. व्ह्यू शाबूत.

रेक्झिनला माफी नाही

काका एसटीची वाट बघत होते तेव्हा भाऊंनी जिप्सीची सीट पुढे केलीच. तिथं मला आणखी एक फंडा कळला. सुती कापडातली पीन काढली की धागे सरकतात, भोक बुजतं. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर. त्यात पडलेलं भोक कायमचं. त्यामुळे सोफ्यावरची चूक दुरुस्त होते, रेक्झिनवरची फक्त लपवता येते. म्हणून रेक्झिन ठोकण्याआधी काका ते थोडा वेळ उन्हात ठेवतात. ऊन नसेल तर हेअर ड्रायर. कोमट झालं की ते मऊ पडतं, कोपऱ्यावर चुणी न पडता वळतं आणि थंड झाल्यावर आवळून बसतं. आणि उघड्या जिप्सीच्या सीटला शिवण बैठकीच्या मधोमध कधीच घ्यायची नाही. पाऊस तिथेच साचतो, टाक्यांतून आत झिरपतो आणि पुढच्या सफारीला पाहुण्याची जीन्स ओली!

तुमचा सोफा बिघडलाय?

तुम्ही पुण्या-मुंबईच्या वन बीएचकेमध्ये राहत असा किंवा नागपूरच्या बंगल्यात, सोफ्याचं कापड बदलायला देताना एवढं लक्षात ठेवा :

* जुनं कापड फेकू देऊ नका. तोच नव्या कापाचा नमुना, आणि भांडणात पुरावाही!
* सोफा जायच्या आधी आणि उघडल्यावर फोटो मागा. पट्टे आणि फोम बदलणार का, ते आधीच लिहून घ्या.
* रेघा, चौकडा किंवा मोठी फुलं असतील तर कापड जास्त लागतं. दुकानदार 'जमवून घेऊ' म्हणाला की सावध.
* मखमलीचा तुकडा फिरवून लावला की रंग दोन शेडचा दिसतो. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी.
* उरलेलं कापड, अगदी हातरुमालाएवढंही, परत मागा.
* सोफा घरी आला की पैसे देण्याआधी त्यावर बसा, उठा, पुन्हा बघा. उठल्यावर चुणी राहिली तर खालून दोष आहे.
* 'वापरून बसेल' हे ऐकून घेऊ नका. बसत नाही!

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचा व्हॉट्सअॅप आला. सीझनच्या पहिल्या पाहुण्यांची दोन लहान मुलं सोफ्यावर उड्या मारतानाचा फोटो. खाली एवढंच : 'पट्टे टाइट आहेत जी!'

कसं जाल?
नागपूरहून वरोरा-भद्रावतीमार्गे किंवा चंद्रपूरहून रस्त्यानं मोहर्लीला पोहोचता येतं. जवळचं मोठं रेल्वे स्टेशन चंद्रपूर. कोअरची सफारी मंगळवारी बंद असते आणि बुकिंग ऑनलाइन आधीच करावं लागतं. पावसाळ्यात गेलात तर बफर झोनची चौकशी आधी करा, छत्री आणि पावसाळी बूट न्या. अंधार पडल्यावर गावाबाहेर पायी फिरू नका. मोहर्लीचे लोकही फिरत नाहीत.